विश्लेषण : टूथपेस्टही स्वस्त, चॉकलेटही स्वस्त, नव्या जीएसटीत दातांचा हिशेब कुठे बसतो?

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि किराणा दुकानातल्या बऱ्याच वस्तू एका दिवसात स्वस्त झाल्या. त्यात टूथपेस्ट आणि टूथब्रश होते, तसंच चॉकलेट, बिस्किट, केक, आइस्क्रीम आणि गोळ्याही होत्या. दात घासायच्या वस्तू आणि दात किडवणारे पदार्थ एकाच दिवशी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले. कोला आणि इतर गोड शीतपेयं मात्र ४० टक्क्यांच्या सर्वांत वरच्या टप्प्यात गेली.

शीतपेयांवर जास्त कर, म्हणजे सरकारने साखरेला लगाम घातला, असं वरवर पाहता वाटू शकतं. दातांच्या बाजूने पाहिलं तर चित्र बरंच गुंतागुंतीचं आहे.

दर नेमके कसे बदलले?

जीएसटी परिषदेची ५६ वी बैठक ३ सप्टेंबर २०२५ रोजी झाली. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे काढून बहुतेक वस्तू ५ किंवा १८ टक्क्यांत बसवण्याचा आणि मोजक्या वस्तूंसाठी ४० टक्क्यांचा वेगळा टप्पा ठेवण्याचा निर्णय त्यात झाला.

बिस्किटं, केक, पेस्ट्री, चॉकलेट आणि आइस्क्रीम १८ वरून ५ टक्क्यांवर आले. जॅम, जेली आणि फळांचे रस १२ वरून ५ टक्क्यांवर आले. टूथपेस्ट आणि टूथब्रश १८ वरून, तर दंतमंजन १२ वरून ५ टक्क्यांवर आलं.

१०० रुपये मूळ किमतीची वस्तू आधी करासह ११८ रुपयांना मिळत असेल, तर ती आता १०५ रुपयांना मिळायला हवी. म्हणजे साधारण ११ टक्के स्वस्ताई. पण ५ आणि १० रुपयांच्या पुड्यांचं गणित निराळं असतं. १० रुपयांचा पुडा ८ रुपये ९० पैशांना विकणं दुकानदाराला आणि गिऱ्हाइकाला, दोघांनाही गैरसोयीचं. त्यामुळे अनेक कंपन्यांनी किंमत तीच ठेवून पुड्यातलं वजन वाढवण्याचा मार्ग निवडला. मुलाच्या हातात पूर्वीचेच १० रुपये आहेत, पण त्यात आता थोडी जास्त बिस्किटं येतात.

मग शीतपेयांवरचा कर वाढला का?

कोलासारख्या पेयांवर आधीही २८ टक्के जीएसटी आणि १२ टक्के भरपाई उपकर होता. दोन्ही मिळून ४० टक्केच. उपकर काढून तोच बोजा आता एकाच दरात आणला गेला. म्हणजे कोला महाग झाला नाही, तो जिथे होता तिथेच राहिला.

खरा मुद्दा वर्गवारीचा आहे. फळांचा गर किंवा रस असलेलं, वायू न मिसळलेलं पेय ५ टक्क्यांत येतं. तशाच पेयात वायू मिसळला की ते ४० टक्क्यांत जातं. दोन्हींत साखर सारखीच असली तरी दरात आठ पटींचा फरक. साखर अजिबात नसलेला ‘झीरो’ कोलाही ४० टक्क्यांतच आहे. थोडक्यात, हा कर बाटलीत साखर किती आहे हे पाहत नाही. तो पेयाचा प्रकार पाहतो, आणि फळांच्या पेयांबाबत तर बुडबुडे आहेत की नाहीत एवढंच पाहतो.

साध्या कोलात १०० मिलीलिटरला साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते. २५० मिलीच्या बाटलीत ती २५ ग्रॅमच्या पुढे जाते, म्हणजे जवळपास सहा चमचे. आंब्याच्या अनेक पेयांच्या लेबलवरचा आकडाही १०० मिलीला १० ग्रॅमच्या पुढेच असतो. तरीही ‘फळाचं’ म्हणून ते डब्यासोबत, प्रवासात किंवा वाढदिवसाला मुलांच्या हातात सहज दिलं जातं, आणि आता त्यावरचा करही कमी झाला आहे.

साखर दात किडवते, म्हणजे नेमकं काय करते?

साखर स्वतः दाताला भोक पाडत नाही. दातांवर जीवाणूंचा एक चिकट, पातळ थर सतत तयार होत असतो. त्यातले ‘स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स’सारखे जीवाणू साखर खातात आणि आम्ल तयार करतात. दाताचं सर्वांत वरचं कठीण कवच, म्हणजे इनॅमल, या आम्लात विरघळू लागतं.

आम्लता मोजण्याच्या ‘पीएच’ या मापात सात म्हणजे उदासीन आणि आकडा जितका खाली तितकं आम्ल तीव्र. दातावरचा पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधलं कॅल्शियम आणि फॉस्फेट बाहेर पडायला लागतं. १९४० च्या दशकात अमेरिकी संशोधक रॉबर्ट स्टीफन यांनी हे मोजून दाखवलं. साखर तोंडात गेल्यावर काही मिनिटांतच पीएच घसरतो आणि मूळ पातळीवर यायला त्याला अर्धा तास ते एक तास लागू शकतो. दंतवैद्यकाच्या अभ्यासक्रमात हा आलेख आजही ‘स्टीफन कर्व्ह’ नावाने शिकवला जातो.

पीएच पुन्हा वर आणण्याचं काम लाळ करते. ती आम्ल पातळ करते, त्याची तीव्रता कमी करते आणि निघून गेलेली खनिजं काही प्रमाणात दाताला परत देते. म्हणजे दिवसभर तोंडात खनिजं जाण्याची आणि परत येण्याची देवघेव चालू असते. जाणं जास्त आणि परत येणं कमी झालं की आधी दातावर पांढरट डाग दिसतो. या टप्प्यावर नुकसान भरून निघू शकतं. पृष्ठभाग ढासळून खड्डा पडला की मग तो आपोआप भरत नाही.

किती खाल्लं, की किती वेळा खाल्लं?

या प्रश्नाचं उत्तर ज्या प्रयोगातून मिळालं, तो वैद्यकीय नीतिमत्तेच्या इतिहासात काळ्या अक्षरांत नोंदला गेला आहे. स्वीडनमधल्या लुंड शहराजवळ विपेहोल्म ही बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांची संस्था होती. १९४५ ते १९५५ या काळात तिथल्या रुग्णांवर आहार आणि दातांचे प्रयोग झाले. काहींना जेवणासोबत साखर दिली गेली, तर काहींना दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफी. एका गटाला दिवसाला २४ टॉफी दिल्या गेल्या. रुग्णांची संमती घेतलेली नव्हती आणि अनेकांचे दात कायमचे खराब झाले. आज अशा प्रयोगाला कुठेही परवानगी मिळणार नाही.

निष्कर्ष मात्र स्पष्ट होते. जेवणासोबत घेतलेल्या साखरेने कीड फारशी वाढली नाही. दोन जेवणांच्या मध्ये, वारंवार आणि दाताला चिकटून राहील अशी साखर खाणाऱ्यांचे दात झपाट्याने किडले. पुढे स्वीडनमध्ये मुलांना गोड खाऊ आठवड्यातून एकदाच, शनिवारी, देण्याचा प्रघात रूढ झाला. तो आजही अनेक घरांत पाळला जातो.

म्हणजे सणाच्या दिवशी जेवणात दोन पुरणपोळ्या खाणाऱ्यापेक्षा, दिवसभर दर तासाला एक गोळी चघळणाऱ्याच्या दातांना जास्त धोका असतो. पहिल्याच्या तोंडात आम्ल एकदा तयार होतं आणि मग लाळेला दुरुस्तीला वेळ मिळतो. दुसऱ्याच्या तोंडात ती उसंतच मिळत नाही. याचा अर्थ प्रमाण महत्त्वाचं नाही असा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वरून घातलेली साखर, मध आणि फळांच्या रसातली साखर मिळून रोजच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी. शक्य असल्यास ५ टक्क्यांपेक्षा कमी. ५ टक्के म्हणजे प्रौढ व्यक्तीसाठी दिवसाला साधारण २५ ग्रॅम, म्हणजे सहा चमचे. ही मर्यादा ठरवताना दातांच्या किडीचे पुरावे मुख्य आधारांपैकी एक होते.

महाराष्ट्रातल्या घरात ही साखर येते कुठून?

सर्वांत आधी चहातून. दोन चमचे साखरेचे तीन कप चहा झाले की सहा चमचे तिथेच संपतात. त्यातही चहाचा पेला हातात घेऊन तासभर घोट घोट पिणं आणि एकदाच पिऊन संपवणं, यात दातांसाठी मोठा फरक आहे. ऑफिसच्या टेबलावर, रिक्षा स्टँडवर किंवा दुकानाच्या गल्ल्यावर दिवसातून पाच-सहा वेळा होणारा कटिंग प्रत्येक वेळी आम्लाचं घड्याळ नव्याने सुरू करतो. या साखरेवर ४० टक्के कर लागत नाही आणि ती कुठल्या लेबलवरही दिसत नाही.

त्यानंतर चहासोबतचं बिस्किट, खारी, टोस्ट, बटर. टॉफी चिकट वाटली तरी लाळेत हळूहळू विरघळून जाते. बिस्किटाचा किंवा वेफर्सचा लगदा मात्र दाढांच्या खाचांत बराच वेळ अडकून राहतो. मैद्यातल्या किंवा बटाट्यातल्या पिठुळ भागाचं लाळेमुळे साखरेत रूपांतर होतं, त्यामुळे खारट वेफर्सही दातांसाठी निर्धोक नसतात. बिस्किटात तर मैदा आणि साखर दोन्ही असतं.

मुलांचा एक नेहमीचा दिवस समजा. सकाळी दूध-बिस्किट, छोट्या सुट्टीत क्रीमचं बिस्किट, शाळा सुटल्यावर आंब्याचं पेय, क्लासला जाताना चॉकलेट, रात्री झोपताना चॉकलेट पावडर घातलेलं दूध. यातली प्रत्येक गोष्ट थोडीशीच आहे, पण दातांवर आम्लाचे पाच हल्ले झाले. शेवटचा सर्वांत वाईट, कारण झोपेत लाळ खूप कमी होते. तान्ह्या मुलांना गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवलं की पुढचे दुधाचे दात भराभर किडतात, त्यामागेही हेच कारण आहे.

गूळ, मध, ज्यूस आणि ‘शुगर फ्री’ चालतं का?

गुळात लोह आणि इतर खनिजं थोडी असतात, पण जीवाणूंसाठी ती साखरच आहे. मधाचंही तसंच. गुळाची चिक्की तर गोड आणि चिकट दोन्ही. ती जेवणानंतर खाल्ली तर नुकसान कमी, येता-जाता खाल्ली तर जास्त.

फळ चावून खाल्लं तर त्यातली साखर बरीचशी पेशींच्या आत असते, चावताना लाळही सुटते. त्याच फळाचा रस काढला की साखर मोकळी होते. म्हणूनच संत्रं आणि संत्र्याचा रस यांना जागतिक आरोग्य संघटना एकाच मापाने मोजत नाही.

साखर नसलेल्या पेयांनी कीड लागण्याचा धोका कमी होतो, पण दुसरा प्रश्न उरतो. कोलाचा पीएच साधारण २.५ असतो, ‘झीरो’ कोलाही चांगलाच आम्लधर्मी असतो. हे आम्ल जीवाणूंची वाट न पाहता थेट इनॅमलची झीज करतं. लिंबू सरबत आणि कोकम सरबतही आम्लधर्मीच आहे. ती सोडायची गरज नाही. जेवणासोबत किंवा एका बैठकीत प्यावीत, तोंडात घोळवू नयेत आणि नंतर साध्या पाण्याने चूळ भरावी. रोज सकाळी उपाशीपोटी लिंबूपाणी पिऊन लगेच ब्रश करण्याची सवय मात्र दातांना महागात पडू शकते. आम्लाने मऊ झालेलं इनॅमल ब्रशने घासलं जातं, म्हणून मध्ये अर्धा ते एक तास जाऊ द्यावा.

टूथपेस्ट स्वस्त झाल्याने भरपाई होईल का?

काही प्रमाणात नक्की होईल, पण पेस्टमध्ये फ्लोराइड असेल तर. फ्लोराइडमुळे खनिजं दातात लवकर परत येतात आणि इनॅमल आम्लाला जास्त टक्कर देतं. भारतात टूथपेस्टमध्ये फ्लोराइड जास्तीत जास्त १००० पीपीएम ठेवता येतं. बाजारातल्या अनेक हर्बल पेस्टमध्ये ते नसतं, त्यामुळे खोक्यावर वाचून घेणं गरजेचं. तीन वर्षांखालच्या मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड अशा जिल्ह्यांतल्या काही गावांत भूजलातच फ्लोराइड जास्त आहे. तिथे मुलांनी पेस्ट गिळू नये याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं आणि पेस्ट निवडताना दंतवैद्यांना विचारणं चांगलं.

तरीही दिवसातून दोनदा केलेला ब्रश दिवसातल्या सात-आठ गोड खाण्यांना पुरून उरत नाही. टूथपेस्ट दुरुस्तीला हातभार लावते. दुरुस्तीला वेळ मिळतो की नाही, हे खाण्याच्या वेळांवर ठरतं.

कर लावून दात वाचतात का?

ब्रिटनचा अनुभव इथे उपयोगी आहे. तिथे एप्रिल २०१८ मध्ये शीतपेयांवर कर आला, पण तो थेट साखरेशी जोडलेला होता. १०० मिलीमध्ये ५ ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर कर नाही, ५ ते ८ ग्रॅमला एक दर आणि त्यापुढे जास्त दर. कर वाचवण्यासाठी अनेक कंपन्यांनी पेयांतली साखरच कमी केली. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, या करानंतर इंग्लंडमध्ये १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना दात काढण्यासाठी रुग्णालयात दाखल करावं लागण्याचं प्रमाण अपेक्षेपेक्षा १२ टक्क्यांनी कमी झालं.

भारतात साखर कमी केली तरी कर कमी होत नाही, म्हणून कंपनीला साखर कमी करण्याचं करापुरतं तरी कारण उरत नाही. ब्रिटनच्या आणि भारताच्या पद्धतीत मुख्य फरक हा आहे.

भारतात आणखी काय चाललंय?

सीबीएसईने मे २०२५ मध्ये आपल्या शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितलं. कोणत्या खाऊत किती साखर आहे आणि दिवसाला किती चालते, हे मुलांना दिसावं असा त्यामागचा हेतू. ४ ते १० वर्षांच्या मुलांच्या रोजच्या उष्मांकात साखरेचा वाटा १३ टक्के आणि ११ ते १८ वयोगटात १५ टक्के असल्याचं त्या परिपत्रकात नमूद होतं, तर मर्यादा ५ टक्क्यांची. दुसरीकडे, पाकिटाच्या दर्शनी भागावर साखर, मीठ आणि चरबीचे इशारे छापण्याचा विषय सर्वोच्च न्यायालयात गेला. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने तीन महिन्यांत शिफारशी तयार करायला सांगितलं, जुलैमध्ये ती मुदत वाढवून दिली.

प्रश्न किती मोठा आहे, हे जुन्या आकड्यांतूनही दिसतं. २००२-०३ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १२ वर्षांच्या निम्म्याहून जास्त मुलांमध्ये आणि ३५ ते ४४ वयोगटातल्या सुमारे ८० टक्के लोकांमध्ये दातांची कीड आढळली होती. उपचारांची सोय मात्र बहुतांश शहरांत आणि खासगी दवाखान्यांत आहे. एका दाढेचं रूट कॅनाल आणि त्यावरची कॅप म्हणजे काही हजार रुपये. बहुतेक आरोग्य विम्यांत दातांचे नेहमीचे उपचार बसत नाहीत. त्यामुळे रोजंदारीवरच्या घरात दाढ दुखली की आधी लवंग, मग दुकानातली वेदनाशामक गोळी आणि शेवटी दात काढणं, असाच क्रम राहतो. १० रुपयांच्या पुड्यात वाढलेली चार बिस्किटं अशा घरात स्वस्त ठरतीलच असं नाही.

घरात काय बदलता येईल?

गोड बंद करण्यापेक्षा त्याच्या वेळा कमी करणं सोपं आणि जास्त परिणामकारक आहे. गोड जेवणासोबतच खावं. मधल्या वेळेला शेंगदाणे, फुटाणे, काकडी, गाजर, पेरू, उकडलेलं अंडं किंवा पनीर चालतं. चहाची साखर अर्ध्या चमच्याने कमी करावी आणि त्याहीपेक्षा चहाच्या फेऱ्या कमी कराव्यात. खाल्ल्यावर चूळ भरण्याची आपल्याकडची जुनी सवय दातांसाठी चांगलीच आहे, ती चहा-बिस्किटानंतरही पाळावी. रात्रीच्या ब्रशनंतर पाण्याशिवाय काही नको.

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट हमखास निसटते. सहाव्या वर्षाच्या आसपास, दुधाच्या दातांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. तिच्या जागी आधीचा कुठलाही दात पडत नाही, त्यामुळे अनेक पालक तिला दुधाचीच समजतात आणि ‘पडेलच’ म्हणून दुर्लक्ष करतात. ती पडून दुसरी येत नाही. या वयात एकदा दंतवैद्यांना दाखवून तिच्या खाचा ‘सीलंट’ने बंद करून घेता येतात, आणि हा खर्च पुढच्या रूट कॅनालपेक्षा खूपच कमी असतो.

दुकानात स्वस्त झालेली टूथपेस्ट घेताना सोबतच्या खाऊच्या पाकिटामागचा ‘ॲडेड शुगर’चा आकडाही वाचावा. चार ग्रॅमला साधारण एक चमचा धरला की हिशेब लगेच होतो.